वेस्टर्न रायडिंगच्या स्पर्धेत उतरायचंय? मग सुरुवात बादली, थर्मामीटर आणि खुरापासून करा

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या वेको शहरात बॅरल रेसिंगची, म्हणजे वेस्टर्न रायडिंगमधल्या पिंपांभोवती घोडा पळवायच्या प्रकाराची, एक मोठी स्पर्धा झाली. ती संपून घोडे आपापल्या राज्यात परतले आणि काही दिवसांतच तिथून आलेल्या घोड्यांपैकी काहींना ताप चढायला लागला, काहींचे मागचे पाय लटपटायला लागले, काही दगावले. मग पुढच्या आठवड्यांतल्या कितीतरी स्पर्धा धडाधड रद्द झाल्या. बातमी वाचून अनेकांना पडलेला प्रश्न अगदी साधा होता, की बॅरल रेसिंग हे काय प्रकरण आहे, आणि एका व्हायरसमुळे सगळ्यांचा सीझन कसा काय अडकतो?

व्हायरसचं आधी सांगते. त्याचं नाव इक्वाइन हर्पीस व्हायरस-१. बहुतेक घोड्यांना तो लहानपणीच कधीतरी गाठतो आणि मग शरीरात गप्प पडून राहतो. लांबचा प्रवास, अनोळखी जागा, दमणूक असा ताण आला की परत डोकं वर काढू शकतो. नाकाला नाक लागलं, एकाच बादलीतलं पाणी प्यायले, एकाचा लगाम दुसऱ्याला चढवला, इतकंच काय माणसाच्या हाताला-कपड्याला लागून गेला तरी पसरतो. बहुतेकदा ताप आणि सर्दीवर भागतं, पण कधी कधी तो मज्जासंस्थेवर जातो आणि मग घोड्याचा तोल जातो, शेपटीतला जोर जातो, लघवी ठिबकत राहते. लस आहे, पण ती श्वसनाच्या आणि गर्भपाताच्या प्रकारासाठी, या मज्जासंस्थेच्या प्रकारापासून वाचवेल अशी हमी कुठलीच लस देत नाही. माणसाला हा होत नाही, तेवढं बरं.

म्हणून स्पर्धेला जाताना आपली बादली आपण न्यायची, पाण्याच्या पाइपचं तोंड बादलीत बुडवायचं नाही (आधीच्या दहा बादल्यांत ते बुडलेलं असू शकतं), दुसऱ्याचा घोडा कितीही गोड असला तरी त्याच्या नाकावरून हात फिरवून तसंच आपल्या घोड्याकडे यायचं नाही. रोज सकाळ-संध्याकाळ ताप बघायचा आणि घरी आल्यावर दोन-तीन आठवडे त्याला बाकीच्या घोड्यांपासून लांब ठेवायचं. कंटाळवाणं आहे, मान्य. पण वेस्टर्न रायडिंग म्हटलं की डोळ्यासमोर टोपी, बूट आणि धूळ उडवत भरधाव सुटलेला घोडा येतो ना, त्यातला रिंगणातला भाग काही मिनिटांचाच असतो, बाकीचं सगळं काम हे असंच असतं आणि रिंगणात जे दिसतं ते बऱ्यापैकी यातूनच येतं.

वेस्टर्न म्हणजे नेमकं काय?

गुरं राखणाऱ्यांची घोडेस्वारी. स्पॅनिश लोकांनी मेक्सिकोत घोडे आणि गुरं आणली, तिथल्या गुराख्यांनी, म्हणजे वाकेरोंनी, आपली पद्धत बसवली आणि तीच पुढे टेक्सास-कॅलिफोर्नियाच्या काउबॉयकडे गेली. त्यामुळे खोगीर मोठं, दिवसभर बसता येईल असं, पुढे एक जाड खुंटी, जिला हॉर्न म्हणतात. ती धरून बसायला नाहीये हं, दोरात अडकवलेल्या गुराचा दोर तिला गुंडाळायचा असतो. एक हात दोरासाठी मोकळा हवा म्हणून लगाम एकाच हातात, आणि घोडा तोंड ओढून वळवण्याऐवजी मानेला लगामाचा नुसता स्पर्श झाला की वळतो.

या कामासाठी सगळ्यात जास्त दिसणारी जात म्हणजे अमेरिकन क्वार्टर हॉर्स. पाव मैलाच्या शर्यतीत भल्याभल्यांना मागे टाकायचा म्हणून हे नाव. त्यांची नोंद ठेवणारी संस्था, एक्यूएचए, १९४० मध्ये स्थापन झाली आणि तिचं मुख्यालय टेक्सासमध्ये अमारिलोला आहे. वेस्टर्नचे बरेचसे वर्ग, नियम आणि मार्क द्यायच्या पद्धती याच संस्थेच्या नियमपुस्तकात सापडतात. नवख्या माणसाने घोडा शोधायच्या आधी हे पुस्तक चाळावं असं माझं मत आहे, फुकटात डोळे उघडतात.

सगळं पोटापासून का सुरू होतं

घोड्याचं जठर त्याच्या देहाच्या मानाने फारच लहान, ८ ते १५ लिटरचं. कारण तो मूळचा दिवसभर थोडं थोडं चरणारा प्राणी. आणि माणसाच्या उलट, त्याच्या जठरात आम्ल चोवीस तास पाझरत असतं, खाल्लं असो वा नसो. जात्यात दाणे नसताना ते फिरवत राहिलं तर दगडावर दगड घासतो, तसंच काहीसं रिकाम्या पोटी होतं. त्यात भर म्हणजे आम्लाचा जोर कमी करणारी लाळ चावतानाच सुटते, नुसतं अन्न समोर बघून नाही. म्हणजे दोन वेळा भरपूर चंदी (धान्याचा खुराक) आणि मधल्या वेळात काहीच नाही, हा आपल्याला शिस्तीचा वाटणारा बेत त्याच्या पोटाला अल्सर देणारा असतो.

याचा रिंगणाशी संबंध थेट आहे. रिकाम्या पोटी पळवलं की आतलं आम्ल हिंदकळून जठराच्या वरच्या भागात जातं आणि तिथल्या अस्तराला संरक्षण जवळपास नसतंच. मग तंग आवळताना घोडा कान मागे पाडतो, चावायला येतो, लोप करायला (म्हणजे जॉगच्या वरच्या, वेगाच्या चालीत जायला) नको म्हणतो आणि आपण म्हणतो हट्टी झालाय. रायडिंगच्या आधी थोडं गवत खाऊ घातलं तर तो पोटातला चारा आम्लाला अडवून धरतो. "भरल्या पोटी पळवू नये" हे चंदीच्या मोठ्या खाण्याबद्दल खरं आहे, ओंजळ-दोन ओंजळ गवताबद्दल नाही.

हिशोब साधा ठेवायचा. रोज शरीराच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा, म्हणजे ५०० किलोच्या घोड्याला साडेसात ते दहा किलो वाळलेलं गवत, जितक्या जास्त वेळांत वाटून देता येईल तितकं बरं. चंदी कामाच्या मानाने, आणि एका वेळी दोन-अडीच किलोच्या वर नको, कारण जास्तीचा स्टार्च न पचता मोठ्या आतड्यात गेला की तिथले जिवाणू बिघडतात, आणि त्यातून पोटदुखी होते किंवा लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतला भाग सुजून घोडा कायमचा लंगडा होण्याचा आजार. खाणं बदलायचंच असेल तर आठवडा-दहा दिवस घेऊन हळूहळू बदला. पाणी दिवसाला २५ ते ४५ लिटर, उन्हात आणि कामात त्याहून जास्त. मिठाचा खडा कायम समोर. प्रवासात अनोळखी चवीचं पाणी काही घोडे तोंडाला लावत नाहीत, म्हणून अनुभवी लोक घरचं पाणी सोबत घेतात.

आणि हो, "तापलेल्या घोड्याला गार पाणी दिलं की पोटशूळ होतो" हे तुम्हाला प्रत्येक तबेल्यात कोणीतरी सांगणार. त्याला आधार नाही. थोडं पाजा, थोडं चालवा, परत पाजा. तहानलेला ठेवण्यात मात्र खरा धोका आहे.

रोज पाच मिनिटं बघायचं काय?

घोड्याला उलटी करता येत नाही. म्हणून पोटात काही बिघडलं तर वाट खालूनच, आणि ती अडली की प्रकरण जिवावर बेततं. याला कॉलिक म्हणतात. खूर आपटणं, मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघत राहणं, सारखं खाली बसणं-लोळणं, लीद न होणं, काम न करताच घाम, यातलं काही दिसलं तर खाणं काढून घ्या आणि डॉक्टरांना फोन करा, आपल्या मनाने वेदनाशामक देऊ नका, कारण दुखणं दबलं की डॉक्टरांना आत काय चाललंय ते कळत नाही.

फोनवर डॉक्टर आकडे विचारतात, ते आधीपासून माहीत हवेत. पूर्ण वाढलेल्या घोड्याचं नेहमीचं तापमान ३७.५ ते ३८.५ सेल्सिअस, नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६. नाडी जबड्याच्या खालच्या कडेला बोटांना लागते. हिरडी दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवी. पण हे सरासरीचे आकडे झाले, तुमच्या घोड्याचा रोजचा आकडा काय तो तो बरा असतानाच लिहून ठेवा, आजारी पडल्यावर तुलना कशाशी करणार?

खराराही याचाच भाग. तो चमकण्यासाठी करतात असं वाटतं, खरं तर पाठीवर आणि तंगाच्या जागी हात फिरवताना सूज, खरचटलेलं, ओरबाडलेलं तिथेच कळतं. खोगिराखाली चिकटलेला वाळका चिखल तासाभरात फोड आणतो. पायांवरून हात फिरवताना एखादा पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागला तर त्या दिवशी रायडिंग नाही, विषय संपला.

खूर, दात आणि जंत

खूर रायडिंगच्या आधी आणि नंतर हुकने साफ करायचे, टाचेकडून टोकाकडे. तळव्याच्या मधोमध जो त्रिकोणी, रबरासारखा भाग असतो त्याच्या खाचांत घाण साचून राहिली की काळा, सडका वास येणारा थ्रश होतो. नालबंद दर सहा ते आठ आठवड्यांनी यायला हवा, नाल नसली तरीही, कारण खूर वाढतच असतो आणि वाढला की पायाचा कोन बिघडून ताण स्नायुबंधांवर जातो. स्पर्धेच्या आदल्या दिवशी मात्र नाल मारून घेऊ नका, एखादा खिळा आत लागून घोडा दुखरा झाला तर कळायला आणि बरं व्हायला वेळ हवा ना.

दातही आयुष्यभर वर येत राहतात, झिजताना कडांना टोकं तयार होतात आणि ती गालात रुततात. वर्षातून एकदा डॉक्टरकडून घासून घ्यायचे. लगाम लावला की डोकं झटकणारा घोडा कितीतरी वेळा दातामुळे झटकत असतो. जंताचं औषध पूर्वी दर दोन महिन्यांनी डोळे मिटून द्यायचे, पण त्यामुळे औषधाला दाद न देणारे जंत वाढले, म्हणून आता लिदीतली अंडी मोजून मग औषध ठरवतात.

कागदाशिवाय गेटच्या आत नाही

अमेरिकेत जवळपास प्रत्येक स्पर्धेत आधी कॉगिन्स टेस्टचा कागद मागतात. ही रक्ततपासणी इक्वाइन इन्फेक्शस अॅनिमिया नावाच्या रोगासाठी आहे. रक्त पिणाऱ्या मोठ्या माश्या आणि वापरलेल्या सुया यांच्यामुळे तो पसरतो, लस नाही, इलाज नाही. पॉझिटिव्ह निघालेला घोडा एकतर मारावा लागतो किंवा आयुष्यभर इतर घोड्यांपासून किमान २०० यार्ड लांब ठेवावा लागतो. म्हणून एवढी कडक तपासणी. रिपोर्ट बहुतेक ठिकाणी १२ महिन्यांच्या आतला चालतो, काही ठिकाणी सहाच. राज्याची सीमा ओलांडायची तर डॉक्टरचं आरोग्य प्रमाणपत्रही लागतं. लशींपैकी धनुर्वात, रेबीज, वेस्ट नाइल आणि ईस्टर्न-वेस्टर्न एन्सेफलायटिस या प्रत्येक घोड्याला द्याव्यात असं तिथल्या अश्ववैद्यकांच्या संघटनेचं म्हणणं आहे, फ्लू आणि हर्पीसची लस फिरत्या घोड्यांना वर.

पहिली स्पर्धा कुठली निवडावी?

सगळ्यात आधी चालींची नावं. चालणं ते चालणं. जॉग म्हणजे संथ दुडकी चाल, लोप म्हणजे त्याच्या वरची, तीन ठेक्यांची. लोपमध्ये घोड्याच्या एका बाजूचे पाय जास्त पुढे पडतात, त्याला लीड म्हणतात. उजवीकडे वळताना उजवी लीड हवी, नाहीतर घोडा अवघडतो आणि परीक्षक मार्क कापतो.

माझं ऐकाल तर पहिला वर्ग शोमनशिपचा घ्या. यात घोड्यावर बसायचंच नसतं. हातात दोर धरून घोडा आणायचा, सांगितल्याप्रमाणे चालवायचा, जॉग करायचा, वळवायचा, चारही पाय चौकोनात येतील असा उभा करायचा. परीक्षक घोड्याभोवती फिरत असताना त्याची नजर अडणार नाही अशी आपली बाजू बदलत राहायची. मार्क माणसाला असतात, घोड्याच्या देखणेपणाला नाही, पण त्याचे खूर, कातडी, आयाळ कशी राखलीय हे मात्र बघतात. म्हणजे वर सांगितलेलं सगळं काम इथे सरळ मार्कांत येतं.

मग वेस्टर्न प्लेझर, जिथे सगळे एकत्र रिंगणाच्या कडेने फिरतात आणि घोडा किती शांत, सैल लगामावर चालतो ते बघतात. ट्रेलमध्ये फाटक उघडणं, लाकडी पूल, आडवे बांबू, मागे सरकत वळण घेणं असे अडथळे. रँच रायडिंग मला स्वतःला आवडते, कारण तिथे खऱ्या कामाच्या घोड्याची चाल हवी असते आणि खुराला पॉलिश लावायलाच मनाई आहे. नवख्यांसाठी बऱ्याच छोट्या स्पर्धांत फक्त चालणं आणि जॉग असलेले वर्ग असतात, लोप करायची सक्तीच नाही. कोणत्याही संस्थेचं सभासदत्व नको असलेल्या ओपन शोपासून सुरुवात केली तर चुकायला जागा मिळते.

बॅरल रेसिंगमध्ये परीक्षकाचं मत वगैरे काही नाही, घड्याळ. तीन पिंपांभोवती तीन पानांच्या आकारात वळसे घेऊन परत यायचं, पिंप पाडलं की पाच सेकंद दंड. नवख्यांना मारक वाटतं, पण बऱ्याच ठिकाणी डिव्हिजन असतात. समजा सगळ्यात वेगवान वेळ १६ सेकंद आली, तर १६.५ पासून पुढचे दुसऱ्या डिव्हिजनमध्ये, १७ पासून तिसऱ्यात, आणि प्रत्येक डिव्हिजनला आपापलं बक्षीस. म्हणजे १७ सेकंदवालाही जिंकू शकतो. तरी पहिल्या वर्षी चालतच आणि जॉगमध्येच पिंपं घ्या, वेगात वळण चुकलं की घोड्याचा पाय जातो.

मार्क कसे देतात? ७० हा आकडा कुठून येतो?

रेनिंगचं उदाहरण घेऊ, म्हणजे वर्तुळं, जागच्या जागी गरगर फिरणं आणि मागच्या पायांवर घसरत थांबणं असा ठरलेला क्रम एकट्याने करून दाखवायचा प्रकार. याची संस्था, एनआरएचए, १९६६ सालची. इथे प्रत्येकजण ७० वर सुरू होतो. प्रत्येक कृतीला उणे दीड ते अधिक दीड असे अर्ध्या-अर्ध्या गुणांनी मार्क, शून्य म्हणजे "बरोबर केलं, विशेष काही नाही". चुकांचा दंड वेगळा. समजा तीन कृतींना अधिक अर्धा, एकीला उणे अर्धा, बाकी शून्य, आणि फिरताना ठरल्यापेक्षा पाव फेऱ्याच्या आत पण एक अष्टमांशाहून जास्त पुढे गेलात म्हणून एक गुण दंड, तर ७० अधिक दीड उणे अर्धा उणे एक, परत ७०. म्हणजे ७० वाईट नाही, नवख्यासाठी तर छानच.

मोठे दंड वाचण्यासारखे आहेत. मध्येच एका हाताने खोगीर धरलं तर पाच गुण गेले. आणि मजा बघा, घोड्याने काम झकास केलं म्हणून मध्येच त्याच्या मानेवर थाप मारली तरी पाच गुण जातात, कारण हाताने धाक दाखवायचा नाही तसं कौतुकही करायचं नाही. क्रम चुकला, ठरल्यापेक्षा पाव फेऱ्याहून जास्त फिरलात किंवा पडलात तर थेट शून्य. म्हणून नवख्यांनी वेगाच्या नादी न लागता क्रम पाठ करावा, हळू पण बरोबर करणारा वेगाने चुकणाऱ्याच्या पुढे असतो.

"हे लगाम, हे स्पर, घोड्याला त्रास नाही का होत?"

रास्त प्रश्न आहे. (स्पर म्हणजे बुटाच्या टाचेला लावलेला धातूचा काटा.) वेस्टर्नचा कर्ब बिट, म्हणजे बाजूला लांब दांड्या असलेली तोंडातली कडी, तरफेच्या तत्त्वावर चालते, हातातला थोडा जोर तोंडात कितीतरी पटीने पोचतो. म्हणूनच ती सैल लगामावर, शिकलेल्या घोड्यावर आणि शांत हातातच शोभते. एक्यूएचएच्या नियमात पाच वर्षं आणि त्याखालच्या घोड्याला दांडी नसलेला साधा स्नॅफल आणि दोन हात चालतात. नवख्या स्वारानेही तिथूनच सुरू करावं. कुठेही रक्त दिसलं तर कारवाई होते आणि प्लेझरमध्ये कानाचं टोक सतत खांद्याच्या उंचवट्याखाली राहिलं तर घोडा बादही होऊ शकतो, कारण मान दाबून खाली ठेवायची फॅशन आली होती.

पण सगळं आलबेल आहे असंही नाही. रेनिंगची सगळ्यात मोठी फ्युच्युरिटी, म्हणजे कोवळ्या घोड्यांची स्पर्धा, तीन वर्षांच्या घोड्यांसाठी असते. तिच्या तयारीला दुसऱ्या वर्षीच सुरुवात करावी लागते, आणि घोड्याच्या पाठीच्या कण्याची वाढ पूर्ण व्हायला पाच-सहा वर्षं लागतात. मला हे पटत नाही, आणि त्या क्षेत्रातल्याही अनेकांना पटत नाही.

"माझं वजन जास्त आहे, मला जमेल?"

२००८ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठाच्या अभ्यासात घोड्यांवर त्यांच्या वजनाच्या १५, २०, २५ आणि ३० टक्के भार टाकून पाहिला. २५ ला आणि ३० ला स्नायूंचं दुखणं आणि ताण जाणवण्याइतका वाढला. म्हणून २० टक्के ही मर्यादा धरतात, आणि ती खोगिरासकट. वेस्टर्न खोगीर १२ ते १८ किलोचं. ५०० किलोच्या घोड्यावर १०० किलो, त्यातून खोगीर वजा करा. बसत नसेल तर मोठा घोडा किंवा हलकं खोगीर, आणि शोमनशिपला तर वजनाचा प्रश्नच नाही. टोपीबद्दलही विचारतात, तर हेल्मेट घातलं म्हणून मार्क कापत नाहीत, बिनधास्त घाला.

स्वतःचा घोडा हवाच का?

पहिल्या वर्षी नको. लीजवर, म्हणजे महिन्याच्या ठरलेल्या रकमेत आठवड्यातले काही दिवस, दुसऱ्याचा घोडा वापरता येतो, आणि वरची सगळी कामं त्याच्यावर शिकता येतात. नंतर घ्यायचाच तर दहा-पंधरा वर्षांचा, स्पर्धा बघितलेला, फटाके फुटले तरी कान न हलवणारा घोडा घ्या. "मी आणि शिंगरू बरोबरच शिकू" हा बेत ऐकायला छान वाटतो, निस्तरायला महाग पडतो.

क्वार्टर हॉर्स घेत असाल तर जनुकीय चाचणीचा कागद मागा. १९६९ मध्ये जन्मलेल्या इम्प्रेसिव्ह नावाच्या गाजलेल्या घोड्याच्या वंशात एचवायपीपी हा स्नायूंचा आजार उतरलाय. रक्तात पोटॅशियम वाढलं की अंग थरथरतं, कधी घोडा कोसळतो, आणि लसूणघासासारखा पोटॅशियमवाला चारा त्यांना सोसत नाही. आणि तपासणीला डॉक्टर आपण नेलेला हवा, विकणाऱ्याचा नेहमीचा नाही. त्याच्यासमोर घोडा कडक जमिनीवर आणि मऊ जमिनीवर, दोन्हीकडे वर्तुळात पळवून बघायला सांगा, बारीक लंगड सरळ रेषेत लपते.